सिंक गेलाय, पण नक्की कुठे गेलाय?

आवाज आणि चित्राचा मेळ, म्हणजे सिंक, बिघडल्याचा प्रश्न थोडक्यात असा आलाय. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून ४के एमकेव्ही (व्हिडिओचा एक फाईलप्रकार) फाईली बघतो, आवाज टीव्हीतून ब्लूटूथने साउंडबारला जातो. सुरुवातीलाच आवाज ओठांच्या मागे असतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जे’ (J) ची कळ दाबून दाबून जुळवला की वीस-पंचवीस मिनिटं बरं चालतं, मग उलटंच होतं, चित्र मागे पडायला लागतं आणि आवाज पुढे पळतो. दोन कोडेक पॅक (व्हिडिओ-आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रॅमांचे संच) टाकून झाले, व्हीएलसी काढून परत टाकलं, काही फरक नाही. फाईल खराब आहे का लॅपटॉप?

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही प्रश्नातच अर्धं उत्तर लिहून टाकलंय, फक्त तुमच्या लक्षात आलेलं नाही. आधी आवाज मागे आणि नंतर चित्र मागे, हे एका बिघाडाने होत नाही. एकच दोष असता तर तो एकाच दिशेने राहिला असता किंवा एकाच दिशेने वाढत गेला असता. इथे दिशा उलटलीय म्हणजे दोन वेगळे दोष एकमेकांवर बसलेत, एक साउंडबारकडचा आणि एक लॅपटॉपकडचा, आणि तुम्ही दोन्हीवर एकच औषध देताय म्हणून ते अर्ध्या तासात उतरतंय. मी ही कामं बरीच वर्षं करतोय आणि माझा अनुभव असा की सिंकच्या तक्रारीत दहा मिनिटं नुसतं बघण्यात घालवली तर पुढचे दोन तास वाचतात. बघायचं काय तर तीनच गोष्टी: मागे कोण आहे, फरक तेवढाच राहतो का वाढतो, आणि वाढत असेल तर सावकाश एका लयीत वाढतो का मध्येच धक्का बसल्यासारखा उडी मारतो.

बघायचं कसं हे पण सांगतो कारण लोक इथेच चुकतात. नुसतं तोंड हलताना बघून काही कळत नाही. शाळेत व्याकरणात ओष्ठ्य व्यंजनं शिकलो ना, प फ ब भ म, ती पकडा. या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात आणि उघडताना आवाज फुटतो. पडद्यावर ओठ मिटलेले असताना ‘प’ ऐकू आला तर आवाज पुढे, ओठ उघडून गेल्यावर आला तर मागे. त्याहून सोपं म्हणजे दार आपटणं, टाळी, टेबलावर ग्लास ठेवणं असला एखादा शॉट शोधा. आणि बघताय तो ट्रॅक मूळ भाषेतला आहे ना हे आधी तपासा. हसू नका, माझ्या एका मित्राने पूर्ण संध्याकाळ पन्नास-पन्नास मिलिसेकंद पुढेमागे करण्यात घालवली आणि शेवटी कळलं की तो डब केलेला ट्रॅक ऐकत होता, त्यात ओठ जुळणारच नव्हते.

आकडाच हवा असेल तर मोबाईलच्या स्लो मोशनने टीव्ही शूट करा. २४० फ्रेमवर शूट केलं तर एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद, टाळीच्या फ्रेमपासून आवाजाच्या टोकापर्यंत फ्रेमा मोजल्या की झालं. मात्र काही फोन स्लो मोशनमध्ये आवाज नीट ठेवत नाहीत, तसं असेल तर साध्या ६० फ्रेमवर करा, १७ मिलिसेकंदाच्या आसपासची अचूकता घरच्या कामाला पुष्कळ झाली.

किती फरक चालतो? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची १९९८ सालची एक शिफारस आहे, बीटी.१३५९, त्यात आवाज ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे जाईपर्यंत माणसाच्या लक्षात येत नाही असं धरलंय, आणि ९० पुढे किंवा १८५ मागे गेला की मग सहन होत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे नाहीत बघा. कारण साधं आहे, आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. मैदानात सत्तर मीटरवर कोणी बॅटने बॉल टोलवला की बॅट आधी फिरलेली दिसते आणि टोला साधारण २०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो, त्यात आपल्याला काही विचित्र वाटत नाही. पण आवाज आधी आणि हालचाल नंतर असं निसर्गात कधी होतच नाही, त्यामुळे जरासा पुढे गेला तरी डोकं भणभणतं. तेव्हा जुळवताना शंका आली तर आवाज किंचित मागेच राहू द्या.

आता तुमचा पहिला दोष. सुरुवातीपासून आवाज मागे आणि तेवढाच मागे, हा अगदी ठरलेला ब्लूटूथचा नमुना आहे. एसबीसी या ब्लूटूथच्या साध्या कोडेकवर आवाज दाबून, छोट्या पुडक्यांत भरून, तिकडे बफरमध्ये साठवून मग वाजवला जातो, यात १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. मग फोनला ब्लूटूथ हेडफोन लावून व्हिडिओ बघतो तेव्हा का जाणवत नाही? कारण तिथे आवाज किती उशिरा पोचणार याचा अंदाज फोनलाच असतो आणि प्लेअर तेवढं चित्र मुद्दाम थांबवून दाखवतो. तुमच्याकडे लॅपटॉपला वाटतंय की आवाज एचडीएमआयने टीव्हीला दिला, आपलं काम संपलं. पुढे टीव्हीने तो ब्लूटूथने आणखी कुठे पाठवला याचा त्याला पत्ताच नाही. मग भरपाई करणार कोण?

इथे एक मेख आहे. टीव्हीच्या मेनूत ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असतं, लोक ते वरखाली करत बसतात. पण टीव्ही, साउंडबार, रिसीव्हर ही मंडळी सहसा आवाज फक्त अडवून ठेवू शकतात, अजून पोचलाच नाही तो आवाज लवकर कुठून आणणार? म्हणजे आवाज पुढे असेल तर ती सेटिंग उपयोगी, मागे असेल तर ती शून्यावरच ठेवायची. आवाज मागे असताना तो पुढे ओढायची ताकद फक्त प्लेअरकडे आहे, कारण फाईल त्याने पुढपर्यंत वाचून ठेवलेली असते. व्हीएलसीत ‘जे’ कळीने आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो आणि ‘के’ (K) ने पलीकडे जातो. एमपीसी-एचसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये नंबरपॅडवरच्या अधिक-उणे कळांनी १०-१० मिलिसेकंद सरकवता येतं, बारीक जुळवायला मला तेच आवडतं. एमपीव्ही या तिसऱ्या प्लेअरमध्ये कंट्रोल धरून अधिक-उणे, तिथे एका दाबाला १०० मिलिसेकंद. व्हीएलसी हा आकडा प्रत्येक नवीन फाईलला विसरतं, म्हणून तुम्हाला रोज नव्याने ‘जे’ ची कळ बडवावी लागतेय.

त्यापेक्षा साउंडबार तारेने जोडा. टीव्हीला एआरसी (एचडीएमआयमधूनच आवाज साउंडबारला द्यायची सोय) असेल तर एचडीएमआयने, नसेल तर ऑप्टिकलने. तरीही थोडा उशीर उरला तर टीव्हीचं डिजिटल साउंड आउटपुट पीसीएमवर (न दाबलेला आवाज) ठेवून बघा, मग पास-थ्रूवर (आलाय तसाच पुढे), मग ऑटोवर. काही टीव्ही आलेला आवाज आधी उलगडतात आणि परत डॉल्बीत गुंडाळून साउंडबारला देतात, या गुंडाळागुंडाळीत वेळ जातो. कुठल्या मॉडेलला काय मानवेल ते सांगता येत नाही, तिन्ही लावून टाळीचा शॉट बघा, पाच मिनिटांचं काम.

उलटं पण होतं आणि ते जास्त फसवं असतं. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला मधल्या फ्रेमा स्वतः बनवतो, नॉइज रिडक्शन म्हणजे चित्रातले ठिपके, कणी साफ करणं वगैरे पण चालू असतं, या सगळ्याला आधी दोन-चार फ्रेमा हातात असाव्या लागतात म्हणून चित्र उशिरा दिसतं. आवाज जर लॅपटॉपमधून सरळ वेगळ्या स्पीकरला जात असेल तर तो पुढे निघून जातो. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात. फाईल परत बनवली, ड्रायव्हर बदलले, आवाज पुढेच. शेवटी चुकून टीव्ही गेम मोडला गेला आणि सगळं जाग्यावर आलं, कारण गेम मोडमध्ये ही सगळी सजावट बंद होते. तेव्हापासून कुठल्याही सिंकच्या तक्रारीत मी आधी टीव्ही गेम मोडला टाकून बघतो, फाईलला हात नंतर. तसाच दुसरा पटकन निकाल म्हणजे टीव्ही, साउंडबार सगळं काढून लॅपटॉपच्याच पडद्यावर आणि लॅपटॉपच्याच स्पीकरवर तीच फाईल लावायची. तिथे जुळत असेल तर फाईल निर्दोष, वादच मिटला.

आता दुसरा दोष, वीस मिनिटांनी चित्र मागे पडणारा. हा समजायला एक गोष्ट माहीत हवी की जवळपास सगळे प्लेअर आवाजाला घड्याळ मानतात. आवाज अखंड वाजलाच पाहिजे, तो तुटला की लगेच कानाला टोचतं, म्हणून आवाज चालत राहतो आणि चित्राने त्याच्या पाठोपाठ धावायचं. २४ फ्रेमच्या फाईलला एका फ्रेममागे साधारण ४२ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात ती फ्रेम उलगडून, रंग बदलून पडद्यावर जायला पाहिजे. १०८०पी फ्रेममध्ये सुमारे २१ लाख ठिपके, ४के मध्ये ८३ लाख, म्हणजे चौपट काम. प्रोसेसरला एखादी फ्रेम ४२ च्या ऐवजी ५० मिलिसेकंदात जमली की उधारी सुरू. प्लेअर काही फ्रेमा टाकून देऊन उधारी फेडायला बघतो, पण ती फेडण्यापेक्षा जास्त वेगाने वाढायला लागली की चित्र मागे राहतं.

वीस मिनिटंच का? बहुतेक लॅपटॉप तोवर तापतो. गरम झाला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि जे काम कसंबसं जमत होतं ते जमेनासं होतं. पंखा ओरडायला लागतो आणि चित्र मागे पडायला लागतं या दोन गोष्टी एकाच सुमारास होतात का ते बघा, माझी खात्री आहे होत असणार. आणखी एक खूण: गडबड सुरू झाली की दहा सेकंद मागे जाऊन परत चालवा. जुळलं आणि परत थोड्या वेळात सुटलं तर फाईल चांगली आहे, मशीन धापा टाकतंय. त्याच जागी, त्याच सेकंदाला, दर वेळी सुटत असेल तर मात्र फाईलमध्येच काहीतरी आहे. व्हीएलसीत टूल्समध्ये जाऊन मीडिया इन्फर्मेशनच्या स्टॅटिस्टिक्स टॅबमध्ये हरवलेल्या फ्रेमांचा आकडा दिसतो, एमपीव्हीत ‘आय’ (I) ची कळ दाबली की टाकलेल्या फ्रेमा दिसतात. तो आकडा मीटरसारखा पळत असेल तर अजून पुरावा नको.

यावर औषध म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे द्यायचं. व्हीएलसीत प्रेफरन्सेसमध्ये इनपुट / कोडेक्सला हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग आहे, ते ऑटोमॅटिक ठेवा. आधीच ऑटोमॅटिक असेल तर एकदा डिसेबल करून बघा, कारण जुन्या ड्रायव्हरबरोबर कधीकधी हेच अडखळतं, मग ड्रायव्हर नवे टाकायचे. पण चिपला तो फॉरमॅट यायला पाहिजे ना! बहुतेक ४के फाईली १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबायची एक पद्धत) असतात, ते हार्डवेअरवर नीट उलगडायला इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एनव्हिडियात जीटीएक्स १० मालिका किंवा नंतरचं कार्ड. एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत असेल तर इंटेल अकरावी पिढी, आरटीएक्स ३० मालिका किंवा त्यापुढचं. आणि एक चकवा असा की एच.२६४ या जुन्या पद्धतीमधलाच १० बिट प्रकार, हाय१०पी म्हणतात तो, फाईल फक्त १०८०पी असली तरी बहुतेक ग्राफिक्स चिपला येतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर. लोक म्हणतात माझ्याकडे ४के चालतं मग ही १०८०पी का अडकते, तर त्याचं उत्तर हे. फाईलमध्ये काय आहे ते मीडियाइन्फो नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅमने बघा, फॉरमॅट, प्रोफाइल, बिट डेप्थ, फ्रेम रेट सगळं एका पानावर येतं.

चिपला येत नसेल तर दोनच मार्ग उरतात. फाईल टीव्हीला पेनड्राइव्हने द्या, आताच्या ४के टीव्हीना एचईव्हीसी येतं. नाहीतर हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने १०८०पी, ८ बिट एच.२६४ करून घ्या, रात्री लावून झोपा. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा आणि पॉवर मोड बॅटरी वाचवणारा नको हे सांगायची गरज नाही, पण सांगतोच, कारण निम्म्या वेळा तेच निघतं.

कोडेक पॅक काढून टाका, दोन्ही. व्हीएलसी आणि एमपीव्ही आपापले डिकोडर पोटात घेऊनच येतात, बाहेरून टाकलेल्या पॅकला ते विचारतही नाहीत. एमपीसी-एचसीत एलएव्ही फिल्टर्स नावाचे डिकोडर आतच असतात. पॅकने फक्त विंडोजच्या बाकी प्रोग्रॅमांचे फिल्टर एकमेकांत अडकतात आणि मग नवीनच दुखणं सुरू होतं. पॅक टाकायचा सल्ला वीस वर्षांपूर्वीचा आहे, अजून फिरतोय.

फाईल नेटवर्कवरून किंवा जुन्या पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर तेही बघा. ब्ल्यू-रेचा आवाज-चित्र मिळून कमाल वेग सेकंदाला ४८ मेगाबिट, पण ४के ब्ल्यू-रेचा १२८ मेगाबिटपर्यंत जातो, आणि बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट अजून १०० मेगाबिटचाच असतो. म्हणजे शांत सीनला काही नाही आणि स्फोट-पाऊस-गर्दी आली की अडकलंच. फाईल लॅपटॉपच्या डिस्कवर कॉपी करून चालवली की याचा निकाल लागतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे झालं. पण हेच शोधत आणखी लोक येतील आणि त्यांचा दोष फाईलमध्येच असेल, म्हणून तेही लिहून टाकतो.

फाईलमधला साधा दोष म्हणजे पूर्ण फाईलभर एकसारखा फरक. हा एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने कायमचा जातो. फाईल टाका, ऑडिओ ट्रॅक निवडा, डिलेच्या खान्यात मिलिसेकंद लिहा, समजा फरक ३०० चा आहे, तर आवाज पुढे असेल तर ३००, मागे असेल तर उणे ३००, आणि मक्स करा, म्हणजे तेच ट्रॅक नव्या फाईलमध्ये बांधा. क्वालिटीला धक्का लागत नाही कारण नवीन एन्कोड (चित्र-आवाज परत दाबणं) होतच नाही, नुसती वेळेची चिठ्ठी बदलते. आकडा आधी प्लेअरमध्ये ठरवा आणि मग इथे टाका. खरं तर काही न बदलता नुसतं एकदा मक्स करून बघणं हीसुद्धा चांगली सवय, टीव्ही कार्डावर रेकॉर्ड केलेल्या टीएस फाईलींची बरीच दुखणी तेवढ्याने जातात.

एका प्लेअरमध्ये जुळतं आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर एमपी४ मधली एडिट लिस्ट डोळ्यासमोर आणा. एएसी पद्धतीने दाबलेल्या आवाजाच्या सुरुवातीला एन्कोडर थोडी रिकामी जागा सोडतो, पुष्कळदा २११२ सॅम्पल (आवाजाचे नमुने), म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद. ती वगळायची सूचना एडिट लिस्टमध्ये लिहिलेली असते. समजूतदार प्लेअर ती वाचतो, काही टीव्ही सरळ दुर्लक्ष करतात. ४४ चा फरक पटकन जाणवत नाही, पण मोबाईलवर कापलेल्या क्लिपमध्ये हीच लिस्ट दोन-तीन सेकंदांची असू शकते, मग जाणवतं.

कापण्याचं पण तसंच. एन्कोड न करता कापताना आवाज कुठेही कापता येतो पण चित्र कीफ्रेमपासूनच, म्हणजे दुसऱ्या फ्रेमांच्या मदतीशिवाय उलगडणाऱ्या फ्रेमपासूनच, सुरू करावं लागतं. कीफ्रेम सहाव्या सेकंदाला आहे आणि तुम्ही आठव्याला कापलंत तर कुठला प्रोग्रॅम चित्र सहापासून घेतो आणि आवाज आठपासून, झाला दोन सेकंदांचा घोळ. लॉसलेसकटसारख्या प्रोग्रॅममध्ये कीफ्रेमवर उडी मारायची सोय आहे, तिथेच कापा. जोडताना उलटा प्रकार: एएसीची एक फ्रेम १०२४ सॅम्पलची, ४८ किलोहर्ट्झला २१ मिलिसेकंद, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात आवाज चित्रापेक्षा काही मिलिसेकंद लांब-आखूड असतो. दोन तुकडे जोडले तर कोणाला कळत नाही, कॅमेऱ्याने पाडलेले पंधरा-वीस तुकडे जोडले की शेवटी शेवटी फरक दिसायला लागतो. दर जोडाला थोडा थोडा वाढणारा फरक दिसला की हेच.

आता सावकाश एका लयीत वाढणारा फरक, हा माझा आवडता, कारण यात गणितानेच चोर सापडतो. पाचव्या मिनिटाला फरक मोजा, पासष्टाव्याला मोजा, वजाबाकी करा. तासाला ३.६ सेकंद आले तर २४ आणि २३.९७६ फ्रेमची गल्लत, दुसरं काही नाही. तासाला अडीच मिनिटांच्या आसपास आले तर एक बाजू २५ फ्रेमची आणि दुसरी २४ किंवा २३.९७६ ची आहे. युरोपातल्या टीव्हीसाठी सिनेमा २५ ने पळवायची जुनी पद्धत होती, त्यात दोन तासांचा सिनेमा पावणेपाच मिनिटं आधी संपतो, आणि तिथला व्हिडिओ नि दुसरीकडचा आवाज कोणीतरी एकत्र बांधला की ही फाईल तयार होते. इथे डिले देऊन काही होणार नाही, कितीही सरकवा, एका जागी जुळेल आणि पुढे सुटेल. व्हिडिओ २५ चा आणि आवाज २३.९७६ चा असेल तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये व्हिडिओ ट्रॅकचा डिफॉल्ट ड्युरेशन २३.९७६ करा, व्हिडिओच हळू होतो आणि एन्कोड लागत नाही. उलट असेल तर आवाज ताणावा लागतो, तो एफएफएमपेग या प्रोग्रॅमच्या एटेम्पो फिल्टरने, नवीन एन्कोड होतो पण सूर बदलत नाही.

तासाला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा एवढाच फरक, आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला? मग दोष कोणाचाच नाही, दोन यंत्रांतली दोन घड्याळं आहेत. मी एकदा दीड तासाचं व्याख्यान असं घेतलं, सुरुवातीची टाळी फ्रेमला फ्रेम जुळवली आणि शेवटी बघतो तर पाच फ्रेमांचा फरक, २५ फ्रेमला ०.२ सेकंद. टक्केवारीत ०.००३७, म्हणजे दोन्ही यंत्रं आपापल्या जागी उत्तमच होती. आता मी शेवटीही टाळी वाजवून घेतो आणि आवाज तेवढा ताणतो.

आणि फरक वाढतो, कमी होतो, परत वाढतो, कुठलंच गणित बसत नाही, आणि फाईल मोबाईलवर शूट केलेली किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग आहे? मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं सापडेल. अंधारात मोबाईल ३० वरून खाली उतरतो, उजेडात परत चढतो. प्लेअरला त्याचं काही वाटत नाही कारण प्रत्येक फ्रेमवर वेळ लिहिलेली असते, पण काही एडिटर सगळ्या फ्रेमा ३० च्याच धरून मांडतात आणि तिथे बोंब होते. एडिटिंगच्या आधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्यायचं, नंतर नाही. एडिट झाल्यावर हे सुधारायला बसणं म्हणजे शिवलेला शर्ट उसवून मापं घेणं.

परत तुमच्याकडे. आजच्या आज क्रम असा ठेवा: फाईल लॅपटॉपवरच, लॅपटॉपच्याच स्पीकरवर चालवा, सुरुवात जुळते का बघा, माझ्या मते जुळेल. तशीच अर्धा तास चालू ठेवा आणि हरवलेल्या फ्रेमांवर नजर ठेवा. आकडा पळायला लागला तर हार्डवेअर डिकोडिंग आणि ड्रायव्हर, तरी नाही तर पेनड्राइव्हने टीव्हीला. साउंडबार मात्र काही झालं तरी तारेवर घ्या. आणि तारेवर घेतल्यावर आवाज अलीकडे ओढायला प्लेअरमध्ये दिलेला आकडा शून्य झालाय ना ते बघा. व्हीएलसी विसरतं ते एक बरं, पण कोडी या प्लेअरमध्ये ऑडिओ ऑफसेट (हाच पुढेमागे करायचा आकडा) सगळ्या व्हिडिओंसाठी डिफॉल्ट करून ठेवला असेल तर तो तसाच राहतो, आणि मग आवाज ओठांच्या आधी यायला लागला की तुम्ही साउंडबारला शिव्या देत बसाल.